पान एकशे बारा

बुटाच्या टाचेखालच्या लोखंडी चकतीला तीन स्क्रू होते, दोन घट्ट आणि तिसरा अर्धा पीळ सैल – आयरिनने बोट लावलं की तो हलायचा आणि चकती किणकिणायची, इतकी हळू की शेगडीवरच्या कॉफीच्या आवाजात सहज हरवून जावी. टॅप नाचाचा तो जुना बूट दालचिनीच्या पावाशेजारी टेबलावर ठेवलेला, आणि त्याची मालकीण, अठ्ठ्याऐंशी वर्षांची डॉटी पेन्रोज, समोर बसून मजा बघत होती.

"पिळून देऊ का घट्ट?"

"हात लावून बघ नुसता! पन्नास वर्षं मुद्दाम सैल ठेवलाय. त्याशिवाय रंगत नाही येत, पोरी."

पोरी... आयरिन सत्तरीला टेकली होती. सिनेमातल्या ताऱ्यांची पाच चरित्रं तिच्या नावावर होती, पाचही मेलेल्यांची, कारण मेलेला माणूस फोन करून भांडत नाही. सहावं बहुधा शेवटचं. संपादक स्टॅनलीला आज दुपारपर्यंत नाव हवं होतं, आणि त्याने ते मनात ठरवूनही टाकलं होतं – डेक्स्टर होल्म, तीन घटस्फोट, एक बुडालेली बोट, पुस्तक हातोहात खपणार. क्वीन्सला ती एवढ्याशा तळटीपेसाठी आली होती – होल्म पडद्यावर नाचायचा, पण मागाहून अंधाऱ्या खोलीत, चित्र बघत बघत, फळीवर नाचून त्याचे पाय, म्हणजे पायांचा आवाज, कोण वाजवायचं?

"होल्मचे मीच. लोरेटा व्हेनचेही मीच," डॉटी म्हणाली. "तिच्यावरचं तुझं पुस्तक आहे माझ्याकडे. पान एकशे बारा." आणि तिने डोळे मिटून घडाघडा म्हटलं, "'टाच पडल्यावर जो पुसट कंप ऐकू येतो, त्यात लोरेटाचं सारं एकटेपण साठलं आहे.'"

आयरिनने त्या स्क्रूकडे पाहिलं. हे वाक्य समीक्षकांनी डोक्यावर घेतलं होतं, व्याख्यानात ते म्हटलं की पुढच्या रांगेतल्या बायका डोळे टिपायच्या... आणि एकटेपण म्हणजे हे! लाज वाटायला हवी होती. पोटातून हसू आलं, आवरेचना, कॉफी सांडली.

"राग नाही आला तुम्हाला?"

"कशाला? शेजारणींना वाचून दाखवते मी ते पान. माझ्या पायांवर दुसरं कोणी लिहिलंय का?"

नाही लिहिलं. मग आयरिनला आठवलं – स्क्रँटनचं थिएटर, दुपारचा खेळ, वय नऊ, आणि नाच सुरू झाला की पायांचा आवाज ऐकायला ती डोळे गच्च मिटून घ्यायची, आई कोपर मारायची, पैसे काय झोपायला दिलेत?... तिने डॉटीला बाकीची नावंही विचारली, आणि पाचांपैकी चौघांचे पाय या बाईचे निघाले. आपण चेहरे निवडले असं आयरिनला वाटत होतं, आणि आपण तर डोळे मिटून, कानांनी निवडत होतो.

पण ही जिवंत होती. फोन करणार, भांडणार. आणि हिच्यावर लिहायचं तर पान एकशे बाराचं हसं आधी आपल्याच हाताने करायचं, पुढच्या रांगेतल्या बायकांसमोर. आयरिनने तो प्रसंग डोळ्यांपुढे आणून पाहिला. भीती वाटली, आणि भीतीपेक्षा मजाच जास्त वाटली.

तिने भिंतीवरचा फोन उचलून नंबर फिरवला.

"होल्मच ना?" स्टॅनली म्हणाला. "आयरिन? हॅलो? तिकडे ते काय वाजतंय?"

तिने खाली पाहिलं. तिचीच टाच होती, फरशीवर, केव्हापासून कोण जाणे. डॉटी मान तिरकी करून ऐकत होती.

"घाई करतेयस," ती म्हणाली.

आयरिनने टाच जरा सावकाश केली. फोन कानालाच होता. "होल्म नाही," ती स्टॅनलीला म्हणाली, "त्याचे पाय."