खड्ड्यात परत लावलेला वेल

अंजनाबाईंनी ओली माती बोटांनी उकरली आणि सुनेनं काल खड्ड्यात पुरलेला वेलाचा खुंट वर ओढला. कंद काढला की वेलाचं डोकं परत लावायचं, ही इकडची रीत त्यांनीच रंजीताला शिकवली होती. पोर सोयाबीनच्या मुलखातली, पण सांगितलेलं विसरायची नाही. आज अळंबी वेचून परतल्यावर चुलीपाशी पडलेली सालं वेगळीच दिसली, म्हणून त्या सुनेला घेऊन तडक इथे आल्या होत्या.

झुडपावर दोन वेल गुंतले होते. एकाची पानं रुंद, खायच्या कंदाच्या करांद्याची. खुंटाच्या वेलाची लांबट, आणि प्रत्येक पानाचं टोक तारेसारखं वळलेलं. शेंड्याला एक कळी मान खाली घालून लटकली होती. अंजनाबाईंनी खुंट हातातून फेकून दिला.

"पान पाह्यलं करांद्याचं अन् खोदली कळलावी. जहर हाय हे! कोनं कोनं खाल्लं?"

"ह्यायनंच. सकायी, रोवण्याले जायच्या आधी."

"अन् तू?"

रंजीतानं खाली पुरानं फुगलेल्या नदीकडे पाहिलं.

"मी नाई खाल्लं, बाई."

हेमराज, अंजनाबाईंचा एकुलता एक लेक, भाताच्या बांधीत रोपं लावत चिखलात उभा होता. धावत आलेल्या दोघींचं ऐकून तो हसला.

"मले तं काईच नाई झालं."

कळलावी घाई करत नाही, हे आईला ठाऊक होतं. घाटावर पोचेपर्यंत तो दोनदा ओकला.

दवाखाना पलीकडे आणि नदी दुथडी भरलेली. असल्या पुरात डोंग्यात नावाड्याशिवाय एकच माणूस बसतो, हे गावात सगळ्यांनाच माहीत. नावाडी लालसूनं हेमराजला आत घेतलं.

"पानी चढून राह्यलं, बाई. आज दुसरी खेप नाई."

डोंगा धारेला लागला. निदान सून तरी सुटली, असं अंजनाबाईंना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या वळल्या, तर रंजीता पोट आवळून दगडावर बसलेली. ओठ पांढरे पडलेले.

"तू तं नाई म्हनली होती!"

"दोघाले जागा कुठी हाय, बाई?"

डोंगा अजून हाकेच्या अंतरावर होता. अंजनाबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं. वल्हं मारणाऱ्या लालसूकडे पाहिलं, त्याच्या पायाशी मुटकुळं करून पडलेल्या लेकाकडे पाहिलं. आणि तोंड मिटून घेतलं.