कापडाखालची घोरपड

"मुंगूस यांचं मरतं आणि चादर माझी जाते," निहारिका वॉशिंग मशीनच्या तोंडात डोकं घालून पुटपुटली. "आणि या वेळी तर दिवाणावरची, एकदम नवी. हद्द आहे."

स्वयंपाकघराच्या खिडकीशी पोहे भिजवणाऱ्या सुलूताईंनी ते ऐकलं आणि नळ थोडा मोठा सोडला. सुनेचं पुटपुटणं ऐकू आलं नाही, असं दाखवायची ही त्यांची जुनी रीत. शिवाय सून खोटं काहीच बोलत नव्हती. घरातल्या जुन्या चादरी, धोतरं, सुलूताईंच्या मऊ पडलेल्या साड्या, सगळं केव्हाच रस्त्यावरच्या जनावरांच्या कामी आलं होतं.

दत्तात्रय पिंगळे रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाले. माधव नगरातली त्यांच्या वयाची माणसं सकाळी महाकालाच्या दर्शनाला जात. हे स्कूटर काढून नानाखेड्याच्या पुढे हायवेला. रात्रीच्या गाड्यांनी जे मागे टाकलेलं असे, कोल्हा, मुंगूस, रानमांजर, एखादा मोर, ते उचलायला. मेलेल्याला ओढून बाभळीखाली न्यायचं. तसंच राहिलं तर खायला घार उतरते, कुत्री येतात आणि पुढचा ट्रक त्यांनाही चिरडतो. जिवंत असेल त्याच्या अंगावर आधी कापड टाकायचं. डोळे झाकले की जनावर शांत होतं. मग उघड्या हातानं न शिवता तसंच गुंडाळायचं आणि खोक्यात घालून, पार्सलची गाठ मारून जनावरांच्या दवाखान्यात. सुलूताई पहिल्यांदा खूप भांडल्या होत्या. मग एकदा यांनी आणलेल्या रानमांजराला त्यांनीच कापसानं पाणी पाजलं, ते वाचलं, आणि भांडण आपोआप मिटलं.

हल्ली मात्र घरात दुसरंच काही चाललं होतं, आणि त्यावर कोणी बोलत नव्हतं. स्कूटरचा एक आरसा तुटला, तर फाटक अरुंद आहे म्हणून मुलानं, हर्षलनं, फाटक रुंद करून घेतलं. पेपर न उघडताच बाजूला पडायचा, आणि "काही नसतंच हल्ली त्यात," असं दत्तात्रय म्हणाले की सगळे मान डोलवायचे. निहारिका तोंडानं कुरकुरायची, पण सासऱ्यांच्या ताटात चटणी रोज त्याच जागी वाढायची, आणि जिन्यात एक चप्पल राहू द्यायची नाही. सुलूताई बघत होत्या. आपण सोडून कोणाला ठाऊक नाही, असं प्रत्येकाला वाटत होतं.

फाटक वाजलं. दत्तात्रय खोकं छातीशी धरून आत आले आणि ओट्यावर हलकेच ठेवलं.

घोरपड आहे, ते म्हणाले. शेपटीवरून गाडी गेली असावी. ट्रकवाले हॉर्न मारून मारून जीव घेत होते, पण हे भर रस्त्यात बसूनच राहिले. घाई केली असती तर बिचारी बिथरली असती. किती शहाणी, कापड टाकल्यापासून हललीसुद्धा नाही.

सुलूताईंनी दिवाणावरच्या नव्या चादरीचा कोपरा उचलला.

ट्रकच्या टायरची फाटलेली पट्टी होती. काळी, खडबडीत, एका टोकाला निमुळती. कडेनं बारीक तारा निघाल्या होत्या. लांबून बघणाऱ्याला घोरपड वाटली असती, नाही असं नाही. पण हे लांब कुठे होते?

त्यांनी कोपरा पुन्हा टाकला. मागे निहारिका उभी होती, ओले हात तसेच. तिनंही पाहिलं होतं. चादरीसाठी मघाशी तोंड उघडणारी ती पोरगी आत गेली आणि तिच्या माहेरची दुलई घेऊन आली. "बाबा, थंडी असेल तिला," एवढंच म्हणाली. हर्षलनं खोक्यात डोकावून पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि मी सोडून येतो दवाखान्यात, तुम्ही नाश्ता करा म्हणाला. खोकं त्यानं दोन्ही हातांनी, अगदी जपून उचललं.

परत आल्यावर त्यानं सांगितलं, डॉक्टरांनी ठेवून घेतलीय. बहुतेक वाचेल. दत्तात्रय पोह्यांवरच्या शेवेशी खेळत, बरं झालं, म्हणाले. वाचणाऱ्या घोरपडीवर ते नेहमी तासभर बोलले असते. आज प्लेट अर्धी ठेवून उठले.

दिवसभर सुलूताईंच्या डोळ्यांसमोरून ते चित्र हलेना. भर हायवेवर, टायरच्या तुकड्याशेजारी उकिडवा बसलेला आपला नवरा आणि त्याला वळसा घालून जाणारे ट्रक. आज सगळ्यांनी वळसा घातला. उद्या?

संध्याकाळी दिवा लावून त्या बाहेर आल्या. दत्तात्रय पायरीवर बसले होते. शेजारी बसत त्यांनी सुरुवात केली, पण भलतीकडूनच. तुमचे गुडघे दुखतात. सकाळी धुकं असतं. नानाखेड्याला यात्रेकरूंच्या बसगाड्यांची गर्दी वाढलीय, महिनाभर नका जाऊ. त्या बोलत होत्या आणि एकेक कारण त्यांनाच पोकळ वाटत होतं. दत्तात्रय कशालाच नाही म्हणाले नाहीत. त्यांनी कधी वाद घातला नाही म्हणजे पंचाईत असे, हे इतक्या वर्षांत सुलूताईंना कळून चुकलं होतं.

"हर्षलला रागावू नकोस," ते म्हणाले.

"कशाबद्दल?"

"चांगलं खोटं बोलला. तसं सुचायला माया लागते." त्यांनी उजवा तळवा सुलूताईंपुढे धरला. अंगठ्याशी बारीक ओरखडा होता, रक्त सुकलेलं. "येताना पाण्याच्या टाकीजवळ खोकं कललं, म्हणून वरूनच सावरायला गेलो. चादरीतून तार लागली. तिथेच समजलं."

"मग घरी कशाला आणलंत?"

"वाटलं, कोणीतरी बोलेल."

सुलूताईंनी तो तळवा दोन्ही हातांत घेतला. आत निहारिका कुकरची शिटी व्हायच्या आधीच गॅस बंद करून कान देऊन उभी होती.

"पण तुम्ही सगळ्यांनी मिळून दुलई आणलीत," दत्तात्रय म्हणाले. मग समोर, जिथे फाटक होतं तिकडे बघत, एखादं जड पार्सल फलाटावर टेकवावं तसं सावकाश बोलले, "सुलू, मला दिसत नाही गं."