छक्की आली असती तर

जपानमधल्या नोशिरोच्या बंदराजवळ, तोफूवाल्याच्या दुकानावरच्या मजल्यावर सेत्सुआत्याचा माजोंगचा, म्हणजे चौघांनी खेळायच्या सोंगट्यांच्या खेळाचा, अड्डा होता. चार टेबलं, रॉकेलची एक शेगडी आणि तिच्यावर सदा खदखदणारी किटली. आत्याचे गुडघे जिन्यावर कुरकुरू लागले, तेव्हा तिनं जाहीर केलं, की वसंतापर्यंत कुणी चालवणारं मिळालं तर बरं, नाहीतर कुलूप.

तिची भाची चिहारु लगेच पुढे झाली. लहानपणी शाळेचा अभ्यास तिनं याच सोंगट्यांच्या खळखळाटात केला होता. पुढे पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत निम्मं आयुष्य गेलं, पण हा आवाज कानातून गेला नव्हता. तो बंद पडावा हे तिला सोसवेना.

आत्यानं एकच अट घातली. जिंकलेला हात किती गुणांचा, हे मालकिणीला बघताक्षणी सांगता आलं पाहिजे. वाद झाला की लोक तिलाच हाक मारणार, आणि तिचा शब्द अखेरचा.

खेळता चिहारुला येत होतं. मोजायची वेळ आली की मात्र ती शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. मग ती शिकायला बसली. आत्या पाढ्यासारखं म्हणायची, हजार, दोन हजार, तीन हजार नऊशे, सात हजार सातशे. चिहारुला हे आकडे आधी लहरी वाटले. दुप्पट करायचं तर नीट तरी करावं! मग एका सकाळी मोरीत तांदूळ धुताना तिला उमगलं, की मूळ आकडा नऊशे साठ आहे. तो दुप्पट होत जातो आणि दर पायरीला वरच्या शेकड्यात ढकलला जातो. हाताच्या अंगी आणखी एक वैशिष्ट्य आलं, की दामदुप्पट. या ओबडधोबड आकड्यांच्या पोटात इतकी स्वच्छ रेघ होती. ती तांदूळ तसेच टाकून आत्याला सांगायला धावली.

आत्यानं शांतपणे मुळ्याच्या लोणच्याची फोड चावली. "ते आहेच," ती म्हणाली. "पण त्यानं किती ते कळतं. हातात काय आहे, ते आधी वाचावं लागतं."

चिहारुला ते पटलं नाही. हातात जे आहे ते आहे. बाटलीतल्या पाण्याला काही दोन उत्तरं नसतात.

हिवाळा सरत आला तरी आत्या हो म्हणेना. एका दुपारी बर्फामुळे पहिल्या टेबलाचा चौथा भिडू आला नाही, आणि आत्यानं हनुवटीनंच चिहारुला बस म्हणून खुणावलं. समोर कुरिहारा न्हावी, उजवीकडे फेरीबोटीवरून निवृत्त झालेले ओनोदेरा, डावीकडे मासळीवाल्या तोमेबाई. आत्या स्टूल ओढून तिच्या पाठीशी बसली.

"या मालकीणबाई," कुरिहारा म्हणाला. "पाणी तपासून झालं असेल तर आता आमचंही पाणी जोखा."

तोमेबाई म्हणाल्या, की याच्या डोक्यावरचं पीक गेलं, जिभेवरचं तेवढं राहिलं.

इथला नियम साधा आणि कठोर होता. जिंकणाऱ्यानं आपला आकडा आपल्या तोंडानं सांगायचा. जास्त सांगितला तर बाकीचे दुरुस्त करत. कमी सांगितला तर कुणी चकार शब्द काढत नसे. तेवढ्याच गुणांच्या काड्या मुकाट्यानं पुढे येत, आणि त्या घेतल्या की विषय संपला.

तिसऱ्या डावात चिहारुच्या हातात वर्तुळांच्या सोंगट्या जमत गेल्या. तीन एक्के, तीन दुर्र्या, तीन तिर्र्या. बांबूच्या दोन नव्व्यांची जोडी, आणि अक्षरी आकड्यांच्या सोंगट्यांतली सत्ती-अठ्ठी. छक्की किंवा नव्वी पडली की चार गट आणि एक जोडी, हात पुरा. तिनं मनात हिशेब मांडून ठेवला. कुणाचीही सोंगटी न उचलता जमवलेल्या तीन तिकड्या; तिकड्यांचा मूळ आकडा वेगळा, सोळाशेचा, म्हणजे दुप्पट करून तीन हजार दोनशे. तिनं तो दोनदा पडताळला. कुठे चूक नव्हती.

ओनोदेरांनी नव्वी टाकली.

"झाला माझा," चिहारु म्हणाली आणि हात उघडला. "तीन हजा–"

ती थांबली. का ते तिला सांगता आलं नसतं. तिघांचे चेहरे कोरे होते. कुरिहाराची जीभसुद्धा गप्प होती.  वाक्य पुरं झालं नव्हतं, म्हणजे आकडा अजून तिचाच होता.

तिनं पुन्हा सोंगट्यांकडे पाहिलं. शेवटी सत्ती, अठ्ठी, नव्वी. जोडीत नव्व्या. टोकाचे आकडे, एक्का नाहीतर नव्वी. आणि तिच्या डोळ्यांदेखत, एकाही सोंगटीला हात न लावता, त्या तीन तिकड्या मोडल्या. एक्का-दुर्री-तिर्री, एक्का-दुर्री-तिर्री, एक्का-दुर्री-तिर्री. उभ्या होत्या त्या आडव्या झाल्या. आता प्रत्येक गटात एक टोक होतं, सगळे गट क्रमाचे होते, वर त्यांतले क्रम जुळ्यांसारखे. दुपटीवर दुपटी चढत ठरलेल्या मर्यादेला जाऊन टेकल्या. नऊ सोंगट्या मघापासून तिथेच होत्या, तिनं स्वतः लावलेल्या. पण त्या काय आहेत हे शेवटच्या सोंगटीनं ठरवलं होतं. 

"आठ हजार," ती हळूच म्हणाली.

ओनोदेरांनी मान तुकवली आणि काड्या मोजून पुढे सरकवल्या.  कुरिहारा म्हणाला, की तीन हजारांतच सुटल्याबद्दल आपण तर ओनोदेरांचं अभिनंदन करणार होतो.

"छक्की आली असती तर?" पाठीमागून आत्यानं विचारलं.

चिहारुनं नव्वी काढून तिच्या जागी छक्की आहे असं मनाशी धरलं. सहा, सात, आठ. टोक गेलं. क्रम म्हणून वाचलं तर आता दोन हजारच मिळाले असते. सोंगट्या पुन्हा उभ्या राहिल्या.

"तर त्या तिकड्याच होत्या," ती म्हणाली. "तीन हजार दोनशे."

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली, किटलीपाशी गेली आणि पाठमोरी होऊन चहा ओतू लागली.

थोड्या वेळानं तिसऱ्या टेबलावर आवाज चढले. कुणीतरी हाक मारली, "आत्या, जरा बघता का हा हात?"

आत्यानं किटलीवरची नजर काढली नाही. "मालकिणीला विचारा," ती म्हणाली.

चिहारु उठली. चालता चालता तिच्या लक्षात आलं, की त्या टेबलावर काय मांडलंय हे तिला अजून ठाऊक नाही, आणि ते बघायची तिला घाई झाली आहे.