बॅगेचा मालक

परदेशातून आलेल्या माणसाला विमानतळाबाहेर पडण्याआधी दोन वाटा दिसतात. जाहीर करण्यासारखं सामान नसेल तर हिरवी, असेल तर लाल. हिरव्या वाटेवर बहुतेक कुणी अडवत नाही. कुलूपवाले काका त्या दोन पाट्यांखाली ट्रॉली धरून उभे राहिले. मागची माणसं त्यांना वळसा घालून हिरवीकडे चालली होती.

ट्रॉलीवर एकच मोठी बॅग होती, काकूंनी भरलेली. परदेशातल्या लेकीकडे दोघांनी जायचं ठरलं, तसं काकूंनी तिकिटं निघायच्या आधीच बॅग भरून कुलूप लावलं. मग तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या, आणि तिकीट एकाचंच निघालं. बॅगेला काकांनी हात लावला नाही. त्यांच्या धंद्याचा नेम होता : मालक समोर उभा नसेल तर कुलूप उघडायचं नाही. शेजारी चेष्टा करायचा, "जन्मभर लोकांची कुलपं उघडलीस, आणि घरची बॅग उघडवेना?" काका विषय बदलत. त्या बॅगेत काकूंनी लावलेलं सगळं अजून जिथल्या तिथे होतं. लेकीच्या घरीही ती तशीच पलंगाखाली सरकवायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

हिरव्या वाटेने गेले असते तर ते जमलंही असतं. पण त्या पाटीवर लिहिलं होतं, 'जाहीर करण्यासारखं काही नाही.' तेवढं त्यांच्याने म्हणवेना. ते लाल वाटेला वळले.

टेबलामागे तपासणीच्या बाई होत्या, लेकीच्याच वयाच्या, आणि नशिबाने मराठी बोलणाऱ्या.

"काय काय आणलंय, काका?"

"माहीत नाही."

"बॅग तुमचीच ना?"

"बायकोची. तिनेच भरली."

"मग त्यांना बोलवा."

"वारली ती."

बाईंनी कुलूप हलवून बघितलं. "उघडावी लागेल, काका. नाहीतर इथेच सोडून जावी लागेल."

"मालकाशिवाय कुलूप उघडत नाही मी. आजवर पाळलंय."

"आता मालक तुम्हीच," बाई हळूच म्हणाल्या.

काकू गेल्यावर घरी भेटायला आलेल्या इतक्या माणसांपैकी हे कुणी सांगितलं नव्हतं.

किल्ली कुठे ठेवली ते काकूंनाच ठाऊक. काकांनी टेबलावरची टाचणी मागून घेतली, टोक वाकवलं, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कुलूप सुटलं.

"कधीपासून करताय हे?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासून."

"इथे फार मोठ्याने सांगू नका."

वरच काकांचा टॉवेल होता, कारण कुठेही पोचल्यावर ते आधी टॉवेल मागत. खाली लेकीसाठी विणलेला स्वेटर, आणि त्याच्या बाह्यांत बियांच्या पुरचुंड्या, मिरचीच्या अन् भोपळ्याच्या. बाईंनी त्या बाजूला काढल्या. बियांबरोबर कीड येते, म्हणून बिया देशात येऊ देत नाहीत. मग निघाले गुडघ्याचे पट्टे, चष्म्याचं घर, बायकी चपलांचा जोड.

"या कुणाला भेट द्यायच्या आहेत? तसं सांगावं लागतं."

काका चपलांकडे बघत राहिले. प्रवास दोघांचा होता. आत तिचंही सामान असणार, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"भेट नाही," ते म्हणाले. "वापरातल्या आहेत."

बाईंनी शिक्का मारला. "तिकडे बाकावर नीट भरून घ्या. पुढच्यांना जागा द्या."

काकांनी उभ्या आयुष्यात बॅग भरली नव्हती. टॉवेल तळाशी गेला, चपला आडव्या राहिल्या. बिया कमी झाल्या होत्या, तरी झाकण बसेना. ते त्यावर गुडघा टेकून दाबत होते, तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, सगळे बाहेर आले. तुम्ही कुठे अडकलात?"

"बॅग भरतोय."

"आत्ता? मग इतके दिवस काय करत होतात?"

काकांनी चपला पुन्हा बाहेर काढल्या.

"तुझी आई चपला कशा ठेवायची गं?"



"तळाला तळ लावून," लेक म्हणाली. "अगदी कडेला."

त्यांनी तशा लावल्या. झाकण तरीही थोडं वरच राहिलं.