जहाजपट्टीत गेलेला हंडा

मी हंडा बोलतोय, ग्रिझेल टॅप्लीचा पितळी हंडा. राजाच्या जहाजांसाठी जप्त झालेला. आमचं हॅझलकोट गाव इंग्लंडच्या ऐन मध्यावर. समुद्र कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता. तरी आमच्यावर जहाजपट्टी, म्हणजे राजाच्या आरमारासाठीचा कर, बसली! ते आठवलं की आजही माझं पितळ चुलीशिवाय तापतं.

ग्रिझेलच्या आईने मला तिच्या लग्नात दिलं होतं. नवरा गेल्यावर माझ्यातच जवाची बिअर करून तिने घर चालवलं. चव बघायला म्हणून येणारे फुकट दोन पेले रिचवायचे आणि जाताना उधारी विसरायचे. मी हसायचो. ग्रिझेल हसायची नाही.

ती चिकट मात्र नव्हती. पार्लमेंटने मंजूर केलेला कर तिने कधी बुडवला नव्हता. पण राजाने पार्लमेंट घरी पाठवलं, वर्षानुवर्षं बोलावलंच नाही आणि एकट्याच्या हुकमाने पट्टी बसवली. ग्रिझेल म्हणाली, ही मी देणार नाही.

त्या वर्षी गावच्या शिपाईगिरीची पाळी तिच्या दिरावर, ॲम्ब्रोजवर आली होती. वसुली त्याच्याच गळ्यात.

"वहिनी, राजाला हक्क आहे असा न्यायाधीशांनीच निकाल दिलाय."

"आणि न्यायाधीशांना नेमलं कुणी, भावजी?"

जप्ती केली नाही तर मलाच तुरुंगात घालतील, असं ॲम्ब्रोज पुटपुटला.

"मग न्या. माझ्या हाताने मी देणार नाही."

माझ्यात त्या दिवशीचं ताजं मद्य उकळत होतं. त्याने ते अंगणात ओतलं. डुकरांनी चाटून संपवलं. असा अपमान माझ्या जन्मात झाला नव्हता.

बाजारात माझा लिलाव पुकारला. सारा गाव हाताची घडी घालून उभा. एकानेही बोली लावली नाही. मला वाटलं, जिंकलो! तेवढ्यात वसुलीवर देखरेख करणाऱ्या शेरीफचा माणूस ॲम्ब्रोजला म्हणाला, मग तू भर किंवा चल माझ्याबरोबर. ॲम्ब्रोजने स्वतःच मला विकत घेतलं आणि ग्रिझेलच्या दारात आणून ठेवलं. त्याला वाटलं, ती खूश होईल.

"भावजी, तुम्ही माझ्या नावाने राजाला होकार देऊन आलात," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

मग मी ॲम्ब्रोजच्या गोठ्यात पडलो. डुकरांचं खाणं माझ्यात कालवायचे. कुणाकुणावर चिडू, तेच कळेना.

काही वर्षांनी राजाला पैशासाठी पार्लमेंट बोलवावंच लागलं. पार्लमेंटने जहाजपट्टी बेकायदा ठरवून रद्द केली. बातमी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ग्रिझेल ढकलगाडी घेऊन गोठ्यात आली. तिने आणि ॲम्ब्रोजने एकेक कडी धरून मला गाडीवर चढवलं.

पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं, आणि खर्चासाठी पार्लमेंटने कर बसवला. कशावर? बिअरवर! वसुलीवाला दारात आला तेव्हा ॲम्ब्रोज बाकावर पीत बसला होता. "आता तर रीतसर विचारून घेतलाय, वहिनी," तो म्हणाला.

"विचारलं, पार्लमेंटात बसलेल्या जमीनदारांना विचारलं. बिअर करणाऱ्या कुठल्या बाईला विचारलं?"

तिने पैसे आणले. कायद्याचा कर होता, आणि कायद्यासाठीच ती भांडली होती. पण माझ्यावर डाव असा आपटला की तो पोचा आजही आहे. वसुलीवाल्याने हात पुढे केला. तेवढ्यात ॲम्ब्रोज उठला आणि मध्ये उभा राहिला. "आधी बाईंना उत्तर द्या, मग पैसे न्या."

वसुलीवाला त्याच्या बाजूने हात घालून पैसे घेऊन गेला. ग्रिझेलने दिराचा पेला पुन्हा भरला. माझ्यादेखत पहिल्यांदाच, आपणहून, फुकट.

आता ती नाही. मी एका कासाराच्या दुकानात भंगारात पडलोय. सैन्याला पितळ हवंय, तोफा ओतायच्या आहेत, असं ऐकतो. बाबांनो, मी माणसांची तहान भागवलीय. पुन्हा हंडा करा, घंटा करा, चमचे करा. आणि तोफच करायची असेल, तर निदान मला आधी विचारा.