गोदूबाईच्या मरणाचा बंदोबस्त

कडावच्या भोईरांनी नाटक बसवायला घेतलं तेव्हा कर्जतमधले शहाणे हसले होते. शेतकऱ्यांचं नाटक, तेही संगीत, आणि तेही गावच्या बोलीत. माझे वडील म्हणाले, "विमल, आवणीची, भात लावतानाची गाणी काय आता पेटीवर म्हणणार का हे लोक?" मी म्हटलं, म्हणणार, आणि त्यात नायिका मी आहे. त्यानंतर बरेच दिवस घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. कुणी नको म्हटलं की ती गोष्ट मला हवीच असते, हा माझा लहानपणापासूनचा रोग.

मी तेव्हा कडावच्या शाळेत शिकवत होते. अप्पा भोईर त्याच शाळेत मास्तर. नाटक त्यांनी लिहिलेलं, बसवलेलंही त्यांनीच. नाव 'संगीत बांधावरचं लगीन'. एका बांधावरून दोन घरांत पिढीजात भांडण, आणि त्याच बांधावर एका घरचा मुलगा आणि दुसऱ्या घरची मुलगी भेटतात. गोष्ट काही जगावेगळी नव्हती. चाली मात्र होत्या. त्या सहदेवच्या.

सहदेव साजगावच्या कारखान्यात पाळीवर जायचा आणि आला की तसाच खळ्यावर पेटी घेऊन बसायचा. तालमी खळ्यावरच चालत. जाहिरातीत 'संगीत: सहदेव भोईर' असं छापलं होतं, पण नाटकातली सगळ्यांत गोड चाल त्याची नव्हती. नायक-नायिकेच्या दुहेरी गाण्यापाशी तो आठवडाभर अडून बसला होता. एका संध्याकाळी त्याची बायको जना चहाची किटली घेऊन आली, कपात चहा ओतता ओतता तिने ऐकलं आणि म्हणाली, "ही सरळ कशाला चढवताव? आमच्या माहेरी अशी वळवून आणतात." आणि तिने ती गुणगुणून दाखवली. अप्पांनी हातातला कप खाली ठेवला. सहदेवने पेटीवर ती चाल धरली. जना लाजली आणि किटली घेऊन निघून गेली. तिला तेव्हा सातवा सरत आला होता.

नाटक तिला बघायला मिळणार नव्हतं. कारण गोदूबाई.

गोदूबाई ही सहदेवची आजेचुलती, त्याच घरात राहणारी. वय कुणालाच माहीत नव्हतं. दिवाळीपासून तिने अंथरूण धरलं होतं. दोनदा तिच्या तोंडात गंगा घातली, आणि दोन्ही वेळा तिने ती थुंकून टाकली. पाणी शिळं हाय, म्हणाली. सगळी भावकी तिच्याकडे डोळे लावून बसली होती, आणि खरं सांगायचं तर नाटकवाले जास्तच. जिल्ह्याची नाट्यस्पर्धा माघात कर्जतला भरणार होती. आमच्या नाटकात मी आणि तबलजी सोडले तर झाडून सारे भोईर. म्हातारी त्याआधी गेली तर सगळ्यांना सुतक. मग नटराजाची पूजा कोण करणार आणि तोंडाला रंग कोण लावणार?

गजा भोईर आमचा खलनायक. दिसायला धिप्पाड, पण डोक्याने जरा पुढेच पळणारा. तो जाऊन भटजींना विचारून आला. "सुतक कानावर आल्यावर लागतं," तो खळ्यावर येऊन म्हणाला. "कानावर आलंच नाय, तर नाय लागत. मंग येऊ द्यायचंच नाय."

झालं, सगळ्यांना ते पटलं. बंदोबस्त ठरला. प्रयोगाच्या दिवशी शेजारचा नागू सायकल घेऊन गावात थांबणार. म्हातारीचं काही झालंच तर त्याने कर्जतला यायचं, पण नाटक सुटल्यावर सांगायचं. त्याआधी अवाक्षर नाही.

मी थट्टेत म्हटलं, "त्यापेक्षा गोदूबाईंनाच जाऊन सांगा ना, जरा कळ काढा म्हणून."

सगळे हसले. अप्पांनी मात्र जीभ चावली. "काय बाई, जित्या माणसाला असं बोलतात का?"

जित्या माणसाच्या मरणाची एवढी तयारी मात्र चालत होती.

प्रयोगाच्या दिवशी कडाव ओस पडलं. एक ट्रक, होत्या तेवढ्या बैलगाड्या, आणि बाकीचे चालत. सुईण अंबूबाईसुद्धा नवं लुगडं नेसून निघाली; जनाला अजून महिना अवकाश होता. जना दारात उभी राहिली होती. म्हातारीला एकटं कसं टाकायचं, म्हणून ती थांबली. मला म्हणाली, "बाई, आल्यावर मला सांगा हां. लोकांनी ती चाल घेतली का नाय ते."

"तूच ऐकशील लोकांच्या तोंडून," मी म्हटलं.

दुपारी तीनचा प्रयोग होता. कर्जतच्या शाळेचा हॉल माणसांनी फुलून गेला होता. पहिल्या रांगेत मामलेदार, परीक्षक आणि कर्जतचे डॉक्टर. डॉक्टरांची जीप बाहेर चिंचेखाली उभी. आमची रंगपटाची खोली म्हणजे हॉलच्या मागचा एक वर्ग. मी आरशापुढे बसून कुंकू रेखत होते आणि बाहेर सायकल आपटल्याचा आवाज आला.

दारात नागू. घामाने निथळत होता, छाती भात्यासारखी हलत होती. त्याने तोंड उघडलं, पण शब्द बाहेर पडायच्या आत गजाने पुढे होऊन त्याच्या तोंडावर हात दाबला.

"नाटक सुटेस्तवर येक सबुद नाय. ठरलंय ना?"

नागू मान हलवत होता, गजाचा हात ओढत होता. गजाने त्याला उचललाच म्हणा ना. शेजारच्या रिकाम्या वर्गात नेला, आत लोटला आणि बाहेरून कडी घातली. आतून लाथा बसायला लागल्या, ओरडणंही सुरू झालं, पण हॉलमधल्या गलक्यात शब्द कळत नव्हते. आमच्या खोलीतल्या सगळ्या भोईरांनी कानांत बोटं घातली होती. काहीजण हसतही होते. त्या घडीला ते हसण्यासारखंच दिसत होतं, रंगवलेल्या तोंडाचे एवढे बाप्ये कानांत बोटं घालून उभे.

सहदेव हसला नाही. म्हातारीने त्याला लहानाचा मोठा केला होता. त्याचे डोळे भरून आले. "मी काय ऐकलं नाय," तो स्वतःशीच म्हणाला आणि पेटी उचलून बाहेर गेला.

मला ते बघवेना. मी अप्पांना म्हटलं, "मी जाऊन ऐकते त्याचं. मी कुठे तुमच्या भावकीतली आहे? मला कसलं सुतक?"

"नको, बाई."

"का नको? माणूस एवढा जिवाच्या आकांताने आलाय."

"तुमचा चेहरा काय लपवत नाय," अप्पा हात जोडून म्हणाले. "तुमी ऐकलंत म्हंजे आमी ऐकलं. दोन-तीन तास आधी कळलं म्हून काय म्हातारी परत येनार हाय? पाया पडतो तुमच्या."

तेवढ्यात घंटा झाली. पहिला प्रवेश माझाच होता.

नाटक रंगलं, असं रंगलं की मी त्यानंतर कधी तसं अनुभवलं नाही. हसायचं तिथे लोक हसले आणि भांडणाच्या प्रवेशात गजाला बायकांनी शिव्या घातल्या. दुसऱ्या अंकात ते दुहेरी गाणं आलं. मी पहिली ओळ उचलली आणि मागच्या बाजूने धाड धाड आवाज सुरू झाला. नागू दार ठोकत होता. लोकांच्या माना वळायला लागल्या. खाली बसलेल्या सहदेवने माझ्याकडे एकदा पाहिलं, भाता जोरात ओढला आणि पेटीचा आवाज होता तेवढा मोठा केला. तबल्यानेही हात मोकळा सोडला. जनाच्या माहेरची ती चाल सगळ्या हॉलवर पसरली आणि दाराचा आवाज तिच्याखाली दबून गेला.

गाणं संपल्यावर लोकांनी ते पुन्हा मागितलं. डॉक्टर उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या रांगेत अंबूबाई डोळ्यांना पदर लावून बसली होती. आम्ही गाणं पुन्हा म्हटलं. दार ठोकल्याचा आवाज या वेळी आला नाही.

पडदा पडला. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मी त्या वर्गाकडे निघाले तर अप्पा आडवे आले. "बाई, दहा मिनटं. परीक्षक बोलनार हायत, बक्षिसं व्हायचीत."

"खड्ड्यात गेली बक्षिसं," मी म्हटलं आणि कडी काढली.

नागू दाराशीच बसला होता. तळहात सुजून लाल झाले होते. आवाज पार बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "डागदर कुठं हाय?"

मला कळेना. "डॉक्टर कशाला?"

"दवाखान्यात गेलतो. तिथला माणूस बोलला, नाटकाला गेल्यात. म्हून हितं आलतो, बाई. तुमाला काय सांगायला नव्हतो आलो. जनीला लय रगत जातंय. गावात कोन नाय."

माझ्या तोंडून निघालं, "आणि गोदूबाई?"

"म्हातारीनंच धाडलं मला."

मागे वळले तर सहदेव उभा होता, पेटीवर घालायचं कापड हातात धरून. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याच्यामागे गजा, अर्धी मिशी उपटलेली, अर्धी तशीच. बाहेर हॉलमध्ये कुणीतरी ध्वनिक्षेपकावर शेतकऱ्यांच्या कलेचं कौतुक करत होतं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सहदेव रंगमंचावरूनच खाली उडी मारून डॉक्टरांपाशी गेला. डॉक्टर भाषण सोडून धावले. जीपमध्ये पुढे डॉक्टर आणि सहदेव, मागे अंबूबाई आणि मी. मी पिवळ्या लुगड्यात, कपाळाला मुंडावळ्या. त्या सोडाव्यात हेसुद्धा मला सुचलं नाही. दोन्ही बाजूंना वालाची शेतं होती आणि रस्त्यावर नाटकाहून परतणारं एकही माणूस नव्हतं, कारण सगळे बक्षिसासाठी थांबले होते. अंबूबाई सारखं एकच म्हणत होती, "अजून महिना व्हता गं. अजून महिना व्हता."

गावात कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. सहदेवच्या ओटीवर गोदूबाई बसली होती.

दिवाळीपासून जी कुशीवर वळली नव्हती, ती भिंतीला पाठ टेकून बसली होती. गुडघे सोललेले. तिने घरभर सरपटत जाऊन चूल पेटवली होती, पाणी तापवलं होतं आणि विळ्याने नाळ कापली होती. तिच्या मांडीवर तिच्याच लुगड्याच्या फाटलेल्या पदरात मूल होतं. बारीक होतं, पण रडत होतं.

डॉक्टर आणि सहदेव आत गेले. आतून काहीच आवाज आला नाही. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले आणि पायरीवर उभे राहून हात पुसत राहिले. मी विचारलं, "आपण तीन वाजता आलो असतो तर?"

"ते विचारू नका, बाई," ते म्हणाले. "मला आयुष्यात पुन्हा विचारू नका."

मी गोदूबाईपाशी बसले. तिने माझ्या मुंडावळ्यांकडे पाहिलं. "झालं का नाटक?"

मी मान डोलावली.

"जनी इचारत व्हती. शेवटाला तेच बोलली. बाई येतील, त्यांना इचार म्हनली, लोकांनी चाल घेतली का."

लोकांनी ती दोनदा घेतली होती. दुसऱ्यांदा आम्ही ती म्हणत होतो तेव्हा कदाचित जना अजून इथे विचारत होती.

तोवर ट्रक आला. सगळी भावकी उतरली आणि अंगणातच थबकली. चेहऱ्यांवरचे रंग तसेच. अप्पांच्या काखेत चांदीची ढाल होती. ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी ती तुळशीमागे जमिनीवर ठेवली. गजा पुढे आला आणि ओटीच्या खाली मातीत बसला.

"नागूला कवाचा धाडलाय मी," गोदूबाई म्हणाली. "कुठं व्हता त्यो?"

सहदेव दारात येऊन उभा राहिला होता. शेवटी अप्पाच बोलले, मान वर न करता.

"आजे, आमाला वाटलं, तू गेलीस. सुतक लागलं असतं, नाटक राहिलं असतं. म्हून आमी त्याला बोलू दिलं नाय."

म्हातारीला ते कळायला वेळ लागला. तिने एकेकाच्या रंगवलेल्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने मांडीवरच्या मुलाच्या डोक्यावरून पदर सारखा केला.

"मला सांगायचं व्हतंत रं," ती म्हणाली. "नाटक हाय, असं मला येऊन सांगायचं व्हतंत. मी थांबले असते."