राखणदाराचा लाल सोडा

नान नदीकाठच्या आमच्या पिचित गावच्या शाळेत दोन सख्ख्या बहिणी काम करतात. थोरली बुप्फा खाणावळीत थंड पेयांचा गाळा चालवते आणि धाकटी ओरथाई विज्ञान शिकवते. दोघी एकमेकींना जीव लावणाऱ्या. पण यंदा शाळा उघडली आणि दोघींचं बोलणंच बंद झालं.

कारण काय, तर ओरथाईने शाळा समितीला अर्ज दिला की शाळेत गोड पेयं विकणं बंद करावं. तिच्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलीला डॉक्टरांनी मधुमेहाची सुरुवात सांगितली होती. तेरा वर्षांची पोर! ओरथाईची झोपच उडाली. पण ती पेयं विकायचं कोण? बुप्फा. बहिणीने बहिणीच्याच पोटावर पाय दिला, असं सगळं गाव म्हणू लागलं.

"हिला मी याच सरबतांवर शिकवली," बुप्फा येईल त्याला ऐकवायची. "आता बाईसाहेब शिकून शहाण्या झाल्या, तर माझं सरबत विष झालं होय!"

समितीची बैठक भरली. अध्यक्ष होते निवृत्त शिक्षक प्रयून सर. या दोघींना त्यांनीच शिकवलेलं, आणि निम्म्या समितीलाही. बुप्फाने आल्या आल्या एक गुळगुळीत, रंगीत पत्रक टेबलावर आपटलं.

"हे वाचा सर. यातही शास्त्रज्ञच आहेत. गोड पेयं आणि लठ्ठपणा यांचा संबंध सिद्ध झालेला नाही म्हणतात."

"कुठून मिळालं गं?"

"फ्रिज बसवायला सोड्याच्या कंपनीचा माणूस आला होता ना, त्याने दिलं."

सगळे खो खो हसले. सर मात्र हसले नाहीत. "फ्रिजबरोबर आलेला पुरावा खोटाच असतो असं नाही. पण खर्च कोणी केला ते आधी विचारायचं, मगच तो तागडीत टाकायचा. ओरथाई, तुझ्याकडे काय आहे?"

ओरथाई उभी राहिली. "सर, एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी मुलांचे दोन गट केले. एकाला साखरेचं पेय रोज दिलं, दुसऱ्याला त्याच चवीचं बिनसाखरेचं. आपण कुठलं पितोय हे मुलांनाही ठाऊक नव्हतं. बिनसाखरेवाल्यांचं वजन कमी वाढलं. दात किडतात ते तर आपण रोज बघतोच."

"छान. आता तुझ्या विरुद्ध जाणारा कागद काढ."

ओरथाईचा चेहरा पडला. तसा कागद तिच्या पिशवीत होता. तो वाचला तर अर्ज बारगळणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. ती क्षणभर घुटमळली, आणि मग तिने तो काढला. "जिथे शाळेत फक्त सोडा बंद केला," ती वाचू लागली, "तिथे मुलांनी दुसरीकडून गोड पेयं मिळवली. एकूण पिणं फारसं कमी झालं नाही."

बुप्फा तिच्याकडे बघतच राहिली. "अगं वेडे, हा कागद तू दाखवलाच नसतास तर कोणाला कळणार होतं?"

"मला कळलं असतं ना, ताई."

किती दिवसांनी दोघी बोलल्या! आणि बोलल्या तेही भर सभेत.

"आता नीट ऐका," सर म्हणाले. "हा कागद बंदी करू नका म्हणत नाही. अर्धवट करू नका म्हणतो. मग आपली मुलं दुसरीकडून कुठून पितील?"

"फाटकावरच्या हातगाड्या," कोणीतरी म्हणालं. आणखी एक जागा होती. जो तो खिडकीबाहेर बघत होता, पण बोलायची कोणाची छाती होईना. शेवटी बुप्फाच म्हणाली, "राखणदार."

शाळेच्या अंगणात खांबावर जागेच्या राखणदाराचं छोटं देऊळ आहे. परीक्षेआधी मुलं त्याला लाल सोड्याचा नवस बोलतात. पास झाली की बाटल्यांची रांग लागते. प्रत्येक बाटलीत नळी, पुढे उदबत्ती. उदबत्ती विझली की अख्खा वर्ग तो सोडा प्रसाद म्हणून पितो. ओरथाईच्या अर्जात याबद्दल चकार शब्द नव्हता. तिने विक्री बंद करायला सांगितली होती. नवसाला कोण हात लावणार? नोकरीच्या मुलाखतीआधी या विज्ञानाच्या बाईंनी स्वतःच तिथे बाटली ठेवली होती!

"राखणदार आजोबांचं कसं बंद करता?" एक सभासद घाबरून म्हणाले. "कोपले म्हणजे? नौकांच्या शर्यती तोंडावर आल्यात!"

"काका, देवळाची झाडलोट रोज मी करते," बुप्फा म्हणाली. "माझ्या आधी माझी आजी करायची. ती साधं पाणी आणि मोगरा ठेवायची. लाल सोडा तेव्हा या गावाने पाहिलाही नव्हता. आजोबा तेव्हा गाव राखत नव्हते का?" मग ती सरांकडे वळली. "नवस बोला असं पोरांना सांगणारी मीच, आणि त्यांना सोडा विकणारीही मीच. मी एवढी वर्षं विचारच केला नाही हो! पण सर, आता मी विकू काय?"

"तो प्रश्न तुझ्या एकटीचा नाही," सर टेबलावर हात आपटून म्हणाले. "मुलं गावाची, मग झळही गावाने सोसायची. गाळ्याचं भाडं या सत्रात माफ. तू बर्फाचं पाणी आणि बिनसाखरेचा गवती चहा ठेव. हातगाडीवाल्यांशी मी बोलतो. सत्र संपलं की मुलांचे दात आणि वजनं बघू. फरक पडला नसेल, तर तेही ओरथाईच वाचून दाखवेल."

"दाखवेन," ओरथाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी शाळा अंगणात उभी होती. बुप्फाने लाल बाटल्या उचलल्या आणि पाण्याची वाटी ठेवली. उदबत्ती लावून, हात जोडून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजोबा, आजपासून साधं पाणी. राग आलाच तर माझ्यावर काढा, पोरांवर नको!"

ओरथाईच्या डोळ्यांत पाणी आलं. हीच आपली ताई, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. ती पुढे झाली आणि ताईशेजारी हात जोडून उभी राहिली.

वाचकहो, नौकांच्या शर्यतीत आमच्या गावाने ढाली जिंकल्या आहेत आणि त्यांचा आम्हाला अभिमान आहेच. पण या दोघींचा त्याहून जास्त आहे. एकीने आपल्या विरुद्ध जाणारा पुरावा आपल्याच तोंडाने वाचला आणि दुसरीने तो ऐकून आपला धंदा बदलला. मुलांच्या भल्याचा निर्णय घ्यायचा तर आपल्याला हवं तेवढंच वाचून चालत नाही. नको असलेलंही वाचायचं, आणि त्याची झळ एका घरावर न टाकता सगळ्यांनी मिळून सोसायची.